अर्जी, मर्जी आणि आपण

इंदुरात आपल्या मंडळींचा स्नेहमेळावा असो, मुंजीची पंगत असो की गणेशोत्सवातील व्याख्यानानंतरचे चहापान असो, बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. संस्थानी काळ किती चांगला होता! राजा माणसांना नावानिशी ओळखत होता, गवयाला आश्रय होता, विद्वानाला वर्षासन होते, आणि आपल्या भाषेला दरबारात मान होता. मग एक सुस्कारा, मग आजच्या राजकारणाला चार शिव्या, आणि मग ज्याची त्याची घराची वाट. या सुस्काऱ्याचा आम्हांला कंटाळा आला आहे, आणि खरे सांगायचे तर त्याची थोडी भीतीही वाटू लागली आहे. ज्या राजकारणाला आपण नावे ठेवतो ते त्या संस्थानी काळाचेच अपत्य असून त्याच्या संगोपनात आपल्या घरांचा वाटा मोठा आहे, असे आमचे मत झाले आहे. मत कटू आहे. म्हणून दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याआधी पुरावा आमच्याच घरातला देतो.

आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तीत तीन कागद एकाच रुमालात बांधलेले सापडले. पहिला मोडीत लिहिलेला, देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात कारकुनी करणाऱ्या आमच्या पणजोबांच्या अर्जाचा मसुदा. मुलाला रिकाम्या जागी चिकटवून घ्यावे एवढेच त्यात मागणे आहे. पण ते मागताना हुजुरांच्या मर्जीचा उल्लेख तीनदा आला आहे. दुसरा कागद बाळबोध मराठीत, मध्य भारत राज्याच्या काळातला, एका मंत्र्याला उद्देशून. बदली थांबवावी म्हणून. तिसरा हिंदीत, 1980च्या दशकातला, एका लोकप्रतिनिधीला. घरगुती गॅसची जोडणी त्यांच्या वाट्यातून मिळावी म्हणून. तीन पिढ्या, तीन राजवटी, दोन लिप्या आणि दोन भाषा. परंतु मायना काढून टाकला तर तिन्ही कागद एकाच हातचे वाटावेत. जे नियमाने मिळायला हवे होते ते तिघांनीही कृपा म्हणून मागितले आहे, आणि मिळाल्यावर तिघांनीही आभाराला जाताना नारळ नेला असणार, याविषयी आम्हांला शंका नाही.

संस्थानांनी आपल्याला दिलेला राजकीय वारसा तो हा. त्यात राज्य म्हणजे संस्था नव्हे, राज्य म्हणजे एक व्यक्ती. त्या व्यक्तीपर्यंत पोचणे म्हणजे राजकारण, आणि पोचण्याची वाट ज्याला ठाऊक तो शहाणा. या शहाणपणाला आपण आजवर 'ओळख असणे' असे सभ्य नाव देत आलो.

देवासचेच उदाहरण घेऊ. ते आपल्या दारातले आहे आणि त्याच्याविषयी आपल्याला मायाही आहे. बाजीरावाबरोबर 1728 मध्ये माळव्यात उतरलेल्या तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोघा भावांच्या वंशांकडे हे राज्य राहिले. पुढे 1841 पासून थोरली पाती आणि धाकटी पाती यांचा कारभार पूर्ण वेगळा झाला, गाव मात्र एकच राहिले. मुख्य रस्त्याच्या एका बाजूचा कारभार एकीकडे, दुसऱ्या बाजूचा दुसरीकडे. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थासुद्धा निरनिराळी. दोन्ही राजांना प्रत्येकी पंधरा तोफांची सलामी. थोरल्या पातीचा मुलूख सुमारे साडेचारशे चौरस मैल, म्हणजे आजच्या एखाद्या तहसिलीच्या आकाराचा, आणि 1901च्या गणतीप्रमाणे माणसे बासष्ट हजारांच्या आसपास. त्यांतली बहुसंख्य माळवी बोलणारी, शेतावर राबणारी.

या थोरल्या पातीच्या गादीवर विसाव्या शतकाच्या आरंभी तिसरे तुकोजीराव आले. शाहू छत्रपतींचे ते जावई. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1912-13च्या हिवाळ्यात प्रथम त्यांच्या दरबारी आला, आणि 1921 मध्ये काही महिने त्यांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला. त्या मुक्कामातील पत्रे व आठवणी त्याने 1953 मध्ये 'द हिल ऑफ देवी' या नावाने छापल्या. देवासला त्याने पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव 1924च्या 'अ पॅसेज टू इंडिया'च्या शेवटच्या भागात उतरला, आणि आपला तुकाराम एका इंग्रजी कादंबरीत जाऊन पोचला. आपल्याकडे ही हकीकत अभिमानाने सांगतात. आम्हीही सांगत आलो.

पण ते पुस्तक एकदा निराळ्या नजरेने वाचून पाहावे. राजा लोभस आहे. भाविक, विनोदी, मित्रांवर जीव टाकणारा. त्याच्या साधुत्वाविषयी फॉर्स्टरच्या मनात खरा आदर आहे. दरबारी मंडळी आहेत, त्यांचे हेवेदावे आहेत, पूर्ण होण्याचे नाव न घेणारा नवा राजवाडा आहे, पाहुणे आहेत, उत्सव आहे. या सगळ्याचा खर्च ज्याच्या शेतसाऱ्यातून चालला होता तो खेडूत मात्र क्वचितच पानावर येतो, आणि आला तरी बोलत नाही. हा दोष फॉर्स्टरचा नव्हे. त्याला जे दिसले ते त्याने लिहिले. दरबारातून पाहणाऱ्याला खेडे दिसत नव्हते, कारण दरबाराच्या रचनेत खेड्याला उभे राहण्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

शेवट कसा झाला तेही आपण जाणतो. राज्य कर्जात बुडाले, 1927 मध्ये युवराज बापापासून दूर निघून गेले, ब्रिटिश सरकारने कारभारात लक्ष घालण्याचा धाक घातला, आणि 1933 अखेर तुकोजीराव यात्रेच्या निमित्ताने निघाले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीस जाऊन राहिले. तेथेच 1937 मध्ये त्यांचा अंत झाला. एका राज्याचा राजा राज्य सोडून निघून जातो, चार वर्षे परत येत नाही, आणि या सगळ्यात प्रजेला कोणी एक शब्द विचारीत नाही! इंदुरात तरी काय वेगळे होते? 1903 मध्ये शिवाजीराव होळकर गादीवरून उतरले, 1926 मध्ये बावला खून प्रकरणापायी तिसरे तुकोजीराव होळकर उतरले. दोन्ही वेळा निर्णय गोऱ्या साहेबाच्या आणि राजाच्या दरम्यान झाला. प्रजा गुढ्या उभारायला आणि उतरवायला तेवढी होती.

या रचनेत आपण कोठे होतो? येथे प्रत्येक घराने आपापली पेटी उघडावी. आपण कमाविसदार होतो, फडणीस होतो, मामलेदार, वकील, शिक्षक, पुराणिक होतो; काही शिलेदार आणि सरंजामी होते. राजा आणि माळवी शेतकरी यांच्या मध्ये आपण उभे होतो. शेतकऱ्याची तक्रार आपल्या लेखणीतून वर जात होती आणि राजाचा हुकूम आपल्या तोंडून खाली येत होता. हिशेब चोख ठेवणारी, लाच न घेणारी माणसे आपल्यात पुष्कळ होती. त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्या मधल्या जागेने आपल्याला एक खोड लावली. वर पाहून बोलायचे आणि खाली पाहून सांगायचे. शेजारी बसलेल्याशी बरोबरीने बोलून, वाद घालून, हात वर करून काही ठरवायचे, हा प्रसंग आपल्यावर येतच नव्हता. माळव्यात दोनअडीचशे वर्षे राहून ज्या खाती, राजपूत, बलाई कुटुंबांच्या श्रमावर आपल्या इनामांचे धान्य येत होते, त्यांच्याशी आपले राजकीय नाते शून्य राहिले, ते यामुळे.

यावर नेहमीचे उत्तर येते: लहानसे, खेड्यांचे राज्य, लोक निरक्षर, त्या काळात दुसरे काय शक्य होते? हे उत्तर आम्ही पुष्कळ वर्षे खरे मानले. ते खोटे आहे. देवासच्या थोरल्या पातीहून जेमतेम मोठे, अधिक गरीब, अधिक विस्कळीत असे एक मराठी संस्थान होते, आणि त्याने दुसरे काय शक्य आहे ते करून दाखविले. ते संस्थान म्हणजे औंध.

औंधचे क्षेत्रफळ सुमारे पाचशे चौरस मैल, गावे बहात्तर, लोकसंख्या पाऊण लाखाहून थोडी अधिक. हा मुलूखही सलग नव्हता: औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापुराकडील गुणदाळ असा तुकड्यातुकड्यांनी पसरलेला. त्यांतील आटपाडीचा भाग म्हणजे कायम दुष्काळी माणदेश. तोफांच्या सलामीचा मानही या संस्थानाला नव्हता. साम्य तरी किती पाहावे! देवासच्या टेकडीवर देवी, औंधच्या डोंगरावर यमाई. देवासचा राजा गोकुळाष्टमीला भान हरपून नाचणारा, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तनाला उभे राहणारे. दोघेही कलांचे भोक्ते. भवानराव तर स्वतः चित्रे काढीत, सूर्यनमस्कारांचा प्रचार करीत, आणि त्यांच्याच आश्रयाने पं. सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ औंधात उभे राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये कुंडलच्या माळावर जागा मिळाली तीही याच संस्थानात. म्हणजे आश्रयदातृत्वात औंध कोठेही उणे नव्हते. आपण ज्याला संस्थानी काळाचे वैभव म्हणतो ते सर्व तेथे होते.

पण भवानराव तेथे थांबले नाहीत. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांनी आपले अधिकार प्रजेच्या स्वाधीन करण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत नुकतेच विलायतेतून शिकून परतले होते. म्हैसूर संस्थानातील नोकरी सोडून आलेले पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन, म्हणजेच भारतानंद, त्यांच्या जोडीला होते. सेवाग्रामला जाऊन गांधीजींशी बसून मसुदा ठरला, आणि 21 जानेवारी 1939 रोजी औंधची स्वराज्य राज्यघटना अमलात आली. तिची बांधणी खालून वर होती. गावाने आपले पंच निवडायचे. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका सभा. तालुका सभांतून राज्याच्या विधिमंडळावर माणसे जायची. शाळा, विहीर, रस्ता, किरकोळ भांडणांचा न्याय, हे गावाचे काम. त्यासाठी उत्पन्नाचा एक भाग गावाच्याच हाती. राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा. प्रजेचे मूलभूत हक्क कागदावर लिहिलेले. भारताची घटना येण्यास तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता.

ही व्यवस्था कागदावर राहिली नाही. आटपाडीजवळ 1939 मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची उघडी वसाहत निघाली. जन्मठेपेचे कैदी भिंतीवाचून राहू लागले, शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा 1957चा 'दो आँखें बारह हाथ' आपल्यापैकी सर्वांनी पाहिला असेल. त्याची मूळ प्रेरणा ही वसाहत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) आपल्या वाचनालयांत आजही हातोहात फिरते; ती औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीची कथा आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. त्या कादंबरीतली तालीम वाडीची माणसे आपल्या अंगमेहनतीने उभी करतात आणि राजा तिच्या उद्घाटनाला येतो. मास्तर, मेंढके, राजा एकाच अंगणात. देवासच्या पुस्तकात न दिसलेला खेडूत येथे पानोपानी बोलतो. हा फरक दोन लेखकांचा आहेच. पण तो दोन राज्यांचाही आहे, असे आम्हांला वाटते.

आता आक्षेप. पहिला असा की औंधचे स्वराज्य तरी काय, राजाच्या मर्जीनेच आले. उद्या राजाने मनात आणले असते तर गेलेही असते. आक्षेप खरा आहे. परंतु मर्जीचा उपयोग मर्जी संपवण्यासाठी करणारा राजा आणि ती पोसण्यासाठी करणारा राजा यांत काहीच भेद नाही, असे म्हणणाऱ्याशी आम्ही पुढे वाद घालू इच्छीत नाही. दुसरा आक्षेप असा की हा प्रयोग नऊच वर्षे टिकला. 8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि सारे संपले. हेही खरे. पण तो अपयशाने संपला नाही, विलीनीकरणाने संपला. आणि नऊ वर्षे ज्या गावाने आपली विहीर कोठे खोदायची हे स्वतः बसून ठरविले त्या गावाला ते पुन्हा कोणी शिकवावे लागत नाही. 1942 नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारला साताऱ्यात जो थारा मिळाला, त्यात औंधच्या कुंडलाचे नाव ठळक आहे. हा केवळ योगायोग म्हणायचा काय?

तिसरा आक्षेप आपल्या जिव्हाळ्याचा आहे. दरबार नसता तर रजबअली खाँ देवासला राहिले असते काय? इंदुरात अमीर खाँ घडले असते काय? देवळालीकरांची चित्रशाळा, त्यातून बेंद्रे आणि हुसेन निघाले असते काय? नसते, कदाचित. त्या उपकाराचे स्मरण ठेवावे, गाणे ऐकावे, चित्रे जपावी. पण आश्रयाने गवई वाढतो, नागरिक वाढत नाही. कुमार गंधर्व 1948 मध्ये आजारी अवस्थेत देवासला आले ते संस्थान मावळण्याच्या वर्षी. त्यांचे पुढचे सारे कर्तृत्व दरबार गेल्यावरच्या देवासात झाले. दरबार गेला म्हणून माळव्याचे गाणे बंद पडले नाही. तेव्हा संगीताच्या आडून राजेशाहीची तरफदारी करणे आता पुरे.

28 मे 1948 रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले. शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते राज्यही मध्य प्रदेशात मिसळले. राजे गेले, आपली पेटी मात्र राहिली. त्या संक्रमणाच्या वेळी आपल्यात वेगळी माणसे नव्हती असे नाही. विनायक सीताराम सरवटे, आपले तात्यासाहेब, मध्य भारताचे प्रतिनिधी म्हणून संविधान सभेत बसले. मराठी साहित्याची समीक्षा लिहिणारा हा वकील देशाची घटना घडताना तेथे हजर होता. गिरणी कामगारांत आयुष्य घालविणारे गांधीमार्गी वि. वि. द्रविड आपलेच. या मंडळींनी अर्ज लिहिले नाहीत, सभा भरवल्या. वर न पाहता शेजारी पाहिले. आणि आपण त्यांचे काय केले? तात्यासाहेबांच्या नावाच्या बस स्थानकावर आपण गेली कित्येक वर्षे चढतो-उतरतो. तेथे उतरलेल्या आपल्याच एखाद्या नातवाला विचारून पाहावे, हे सरवटे कोण. तो बहुधा मोबाइल पाहील.

पुढची गोष्ट अलीकडची आहे, म्हणून सांभाळून सांगतो. 1989 पासून 2019 पर्यंत, सलग तीस वर्षे, आठ वेळा, इंदूरने लोकसभेवर आपल्यातलीच एक बाई पाठविली. चिपळूणचे माहेर, इंदूरचे सासर. 2014 ते 2019 त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. सुमित्राताईंच्या पक्षाशी कोणाचे जमो वा न जमो, त्यांच्या साधेपणाविषयी शहरात दुमत नाही. प्रश्न त्यांचा नाहीच, आपला आहे. तीस वर्षे आपल्या हाती एवढे मोठे माध्यम असताना आपण त्याचा उपयोग काय केला? ताईंकडे प्रवेशासाठी चिठ्ठी मागितली, बदलीसाठी शब्द टाकायला सांगितला, सत्काराला बोलावून शाल दिली, छायाचित्र काढले. मराठी शाळांतले वर्ग रिकामे होत असताना आपण एकत्र बसून एखादी योजना आखली, ती घेऊन जाहीरपणे प्रश्न विचारला, उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा केला, असे किती वेळा झाले? आम्हांला तरी आठवत नाही. लोकशाहीने दिलेल्या प्रतिनिधीला आपण पुन्हा हुजूर केले, आणि दोष राजकारणाला दिला.

यापेक्षा गंभीर दोन प्रसंग सांगतो. इंदूर महापालिकेची मुदत 2020च्या आरंभी संपली आणि नवी निवडणूक झाली जुलै 2022 मध्ये. दोन वर्षांहून अधिक काळ या शहराला निवडून आलेला महापौर नव्हता, पार्षद नव्हते; प्रशासक होता. महामारीचे कारण काही काळ खरे होते, पुढे इतर कारणे होती. आपल्या कोणत्या व्यासपीठावरून त्याविषयी एक ठराव झाला? उलट बैठकींतून आम्ही कानांनी ऐकले आहे की 'अधिकारी बरे, पुढाऱ्यांची कटकट नाही.' संस्थानी काळ बोलतो तो हा. दिवाण चांगला असला की प्रजा खूश!

दुसरा प्रसंग 2024च्या लोकसभा निवडणुकीचा. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. पंचवीस लाखांवर मतदार असलेल्या शहरात खरी लढत उरलीच नाही. विजयी उमेदवाराला सव्वाबारा लाखांवर मते पडली, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण? 'वरीलपैकी कोणीही नाही', 2,18,674 मते. काँग्रेसने त्या पर्यायाचे आवाहन केले होते हे खरे. म्हणून सगळी मते निषेधाची होती असे आम्ही म्हणणार नाही. पण दोन लाखांवर माणसे रांगेत उभी राहून, निवडीचा हक्क हिरावला गेला एवढे तरी नोंदवून आली. आपण काय केले? आपण त्या गोष्टीचा विनोद केला. ज्याला ज्या पक्षाला मत द्यायचे त्याने द्यावे. पण निवड हिरावली जाणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट आहे, असे ज्या समाजाला वाटते, तो मनाने अजून दरबारातच उभा आहे.

मोठ्या राजकारणाचे राहू द्या; आपल्या संस्था आपल्या हातात आहेत. त्यांचे चित्र पाहावे. वार्षिक सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच पंधरा माणसांत 'रीतसर' भरते. जमाखर्च वाचला असे समजण्यात येते. कार्यकारिणी बिनविरोध निवडून येते, आणि बिनविरोध या शब्दाचा आपल्याला अभिमान वाटतो. अध्यक्ष पंधरा-पंधरा वर्षे बदलत नाहीत, कारण त्यांच्याइतकी 'ओळख' दुसऱ्या कोणाची नसते. तरुण मुलगी उठून हिशेबातली एखादी बाब विचारते, तेव्हा उत्तराऐवजी तिच्या वडिलांचे नाव विचारले जाते. आणि मग आपण परिसंवाद घेतो: 'तरुण पिढी मंडळाकडे का फिरकत नाही?' अशा पंधरा माणसांच्या औंधात आपण अजून देवास चालवीत आहो.

आमचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते करण्यासारखे आहे. यंदापासून आपल्या प्रत्येक संस्थेची निवडणूक निदान एका पदासाठी तरी लढवून व्हावी. त्यात पडलेल्याने रुसू नये आणि निवडून आलेल्याने दोन मुदतींनंतर खुर्ची सोडावी. जमाखर्च सभेआधी पंधरा दिवस छापून सभासदांच्या हाती पडावा. शहराच्या प्रश्नावर पक्षनिरपेक्ष ठराव करण्याची वर्षातून एक बैठक असावी आणि आपापल्या प्रभागाच्या पार्षदाला तेथे बोलावून, शाल न देता, प्रश्न विचारावे. ज्या घरांची देवास, धार, उज्जैनकडे अजून थोडी शेती आहे त्यांनी एकदा तरी त्या गावच्या ग्रामसभेला जाऊन मागे बसावे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतरच्या पंचायत निवडणुका देशात पहिल्यांदा 1994 मध्ये याच मध्य प्रदेशात झाल्या. ज्यांना आपण निरक्षर म्हणून सोडून दिले होते ती माणसे, आणि त्यांच्या बायका, तीसहून अधिक वर्षे मते मागून, हरून, पुन्हा उभ्या राहून कारभार शिकत आहेत. तेथेही सरपंचाच्या नावाने नवऱ्याची मर्जी चालते, तेथेही ठेकेदार आहेत; आम्ही आंधळे नाही. पण तेथे भांडण होते, आणि भांडणाशिवाय कारभार कोणी शिकला नाही. त्या बाबतीत आज ते आपले गुरू आहेत.

आमच्या पेटीतले तीन कागद आम्ही टाकून देणार नाही. पणजोबांचे अक्षर सुरेख आहे आणि त्यांची गरज खरी होती; त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे. येत्या वार्षिक सभेत आम्ही एका पदासाठी उमेदवारी अर्ज भरणार आहो. पडलो तर पडलो. पण समोर कोणी तरी उभे राहावे, एवढी वाचकांना विनंती आहे.